म्युन्स्टरचे प्रवचन, बर्लिनची प्रार्थना

मानवी जीवन पवित्र आहे, हे कॅथलिक शिकवणीतील विधान शांततेच्या काळात इतके सर्वमान्य वाटते की ते उच्चारणाऱ्याला कसलीही किंमत मोजावी लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही आपल्याकडून काही अपेक्षिले जात आहे असे जाणवत नाही. राज्यसत्ता स्वतःच काही माणसांचे जगणे निरुपयोगी ठरवते आणि त्यांना संपवण्याची यंत्रणा उभी करते, तेव्हा मात्र या विधानाचा कस लागतो. जर्मनीत १९३९ ते १९४१ या काळात अशी वेळ आली, आणि तेथील दोन कॅथलिक धर्मगुरूंनी, एकाने प्रवचनातून आणि दुसऱ्याने प्रार्थनेतून, तिला जे उत्तर दिले ते आजही बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे. तत्त्व नुसते उच्चारले तर सत्तेला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण कोणाचा जीव घेतला जात आहे, कोठून नेऊन आणि कोणत्या कायद्याचा भंग करून, हे उघडपणे सांगितले की तेच तत्त्व तिला जाचू लागते, हे त्या उत्तरातून स्पष्ट होते.

या शिकवणीचा पाया बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, असे तेथे सांगितले आहे, आणि त्यावरून कॅथलिक धर्मशास्त्र असा निष्कर्ष काढते की माणसाचे मोल त्याच्या बुद्धीवर, कमाईवर, आरोग्यावर किंवा समाजाला होणाऱ्या उपयोगावर ठरत नाही, ते त्याच्या असण्यातच आहे. जीवन ही देवाची देणगी असून माणूस तिचा मालक नाही, तो राखणदार आहे. म्हणून निरपराध माणसाची जाणूनबुजून केलेली हत्या कोणत्याही हेतूने, दयेच्या हेतूनेही, समर्थनीय ठरत नाही. दहा आज्ञांपैकी हत्येला मनाई करणारी आज्ञा कॅथलिक गणनेनुसार पाचवी आहे (बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ तीच सहावी मानतात), आणि गर्भपात, दयामरण, आत्महत्या, युद्ध व देहदंड या सर्व प्रश्नांची कॅथलिक चर्चा याच आज्ञेच्या अनुषंगाने होते.

ही शिकवण सामान्य भाविकापर्यंत पोहोचते ती मुख्यतः मिस्सेतून. मिस्सा म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारी सामुदायिक उपासना. तिच्यात बायबलमधील वाचने होतात, धर्मगुरू त्यांवर प्रवचन करतो, आणि त्यानंतर श्रद्धावंतांच्या विनंत्या म्हटल्या जातात. प्रवचन लोकांना उद्देशून असते, विनंत्या देवाला उद्देशून असतात. वसई परिसरातील मराठी मिस्सेला जाणाऱ्यांना हा क्रम पाठ असला, तरी १९४१च्या जर्मनीत तो पुरता असा नव्हता. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, प्रवचन तेवढे जर्मन भाषेत. आणि सर्व लोकांसाठी करायच्या प्राचीन विनंत्या कालौघात मागे पडून प्रामुख्याने गुड फ्रायडेच्या उपासनेत उरल्या होत्या. लोकांच्या भाषेत लोकांपुढील प्रश्नांविषयी बोलण्याची जागा म्हणजे प्रवचनपीठ, आणि मिस्सेबाहेरच्या सायंकालीन प्रार्थना.

ज्या यंत्रणेविरुद्ध हे शब्द वापरले गेले तिची पूर्वतयारी नाझी सत्तेच्या आधीपासून झाली होती. कायदेपंडित कार्ल बिंडिंग आणि मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड होखे यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, जगण्यास अपात्र अशा जीवनाचा नाश करण्यास परवानगी असावी, असा युक्तिवाद मांडला होता. १४ जुलै १९३३ रोजी आनुवंशिक व्याधी असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरने एका पत्रावर सही करून, असाध्य आजार असलेल्यांना ‘दयामरण’ देण्याचा अधिकार ठरावीक डॉक्टरांना बहाल करण्याचे काम फिलिप बूलर आणि डॉ. कार्ल ब्रांट यांच्यावर सोपवले. त्या पत्रावर तारीख मात्र १ सप्टेंबर, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाल्याच्या दिवसाची, घातली गेली. या कामाचे कार्यालय बर्लिनमध्ये टीअरगार्टनश्ट्रासे या रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या इमारतीत होते, म्हणून इतिहासात ही मोहीम ‘टी-४’ या नावाने ओळखली जाते.

तिची कार्यपद्धती कागदोपत्री होती, आणि त्यामुळेच अधिक भयंकर होती. मनोरुग्णालयांकडे प्रश्नावल्या जात, त्यांत रुग्ण किती काम करू शकतो याला मोठे महत्त्व असे. रुग्णाला न पाहताच तज्ज्ञ त्या कागदावर खूण करत, आणि निवडलेल्यांना बसने ग्राफेनेक, ब्रांडेनबुर्ग, हार्टहाइम, झोनेनश्टाइन, बर्नबुर्ग व हाडामार या सहा केंद्रांपैकी एकात नेऊन विषारी वायूने मारले जाई. घरच्यांना सांत्वनाचे पत्र, मृत्यूचे खोटे कारण आणि मागणी केल्यास रक्षापात्र मिळे. पूर्वीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आंत्रपुच्छाच्या आजाराने दगावल्याची पत्रे येऊ लागली, तेव्हा लोकांना संशय आला. हाडामार ज्यांच्या क्षेत्रात होते त्या लिम्बुर्गच्या बिशपांनी, म्हणजे त्या धर्मप्रांताच्या प्रमुखांनी, ऑगस्ट १९४१ मध्ये न्यायमंत्र्याला लिहिलेल्या पत्रात कळवले की गावातली शाळकरी मुलेही त्या बस ओळखतात आणि त्या कशासाठी येतात हे एकमेकांना सांगतात.

चर्च तोवर गप्प होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पोप अकरावे पायस यांनी १९३० सालच्या विवाहविषयक परिपत्रकात, वंशशुद्धीच्या नावाखाली निरपराध नागरिकाच्या शरीरावर शासनाला हक्क नाही, असे सांगितले होते. रोममधील धर्मसिद्धान्त मंडळाने डिसेंबर १९४० मध्ये, शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे कोणाला मारणे हे ईश्वरी नियमाविरुद्ध असल्याचा निर्णय प्रसिद्ध केला. जर्मन बिशपांचे संयुक्त पत्र ६ जुलै १९४१ रोजी चर्चमधून वाचले गेले आणि त्यातही निरपराधाच्या हत्येचा निषेध होता. ल्युथरन बिशप टेओफिल वुर्म यांनी १९४० सालीच गृहमंत्र्यांकडे लेखी निषेध नोंदवला होता. पण पत्रे बंद पाकिटात होती आणि जाहीर वक्तव्ये तत्त्वापुरती होती. त्या पत्रव्यवहाराच्या वर्षभरात बस चालूच राहिल्या. सत्तेशी खासगीत बोलत राहावे, हे जर्मन बिशपांचे ज्येष्ठ, ब्रेस्लाउचे कार्डिनल बेर्ट्राम यांचे धोरण होते. त्या धोरणामागे भाविकांवरील सूडाची खरीखुरी भीती होती हे मान्य केले, तरी त्याची किंमत भाविकांपेक्षाही दुबळ्या माणसांनी मोजली, हे नाकारता येत नाही.

क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन हे १९३३ पासून म्युन्स्टरचे बिशप होते. वेस्टफालियातील जुन्या सरदार घराण्यात जन्मलेले, परंपरानिष्ठ, राष्ट्राभिमानी आणि साम्यवादाचे कडवे विरोधक असे हे गृहस्थ बंडखोर म्हणून ओळखले जावेत, असे त्यांच्या पूर्वायुष्यात काही नव्हते. मनोरुग्णांच्या हत्यांची माहिती त्यांना १९४० च्या उन्हाळ्यापासून होती, आणि जाहीरपणे बोलावे की नाही याची विचारणा त्यांनी बेर्ट्राम यांच्याकडे केली होती. पुढे वर्षभर तेही थांबले. जुलै १९४१ मध्ये म्युन्स्टरवर ब्रिटिशांचे जबर बॉम्बहल्ले झाले, त्याच दिवसांत गुप्त पोलिसांनी शहरातील मठ ताब्यात घेऊन संन्यासी-संन्यासिनींना बाहेर काढले, आणि १३ व २० जुलैच्या प्रवचनांत गालेन यांनी त्या अन्यायावर उघड टीका केली. तिसरे प्रवचन ३ ऑगस्ट १९४१ रोजी सेंट लॅम्बर्ट चर्चमध्ये झाले.

त्या रविवारचे वाचन लूकच्या शुभवर्तमानातील होते: जेरुसलेमवर ओढवणाऱ्या विनाशाच्या जाणिवेने येशू रडला, तो प्रसंग. गालेन यांनी त्या वाचनापासून आरंभ केला, पण लवकरच ते दंडसंहितेकडे वळले. एखाद्याच्या जिवाविरुद्ध गुन्हा होणार असल्याचे ठाऊक असूनही जो अधिकाऱ्यांना वा संबंधिताला वेळेवर कळवत नाही तो शिक्षेस पात्र ठरतो, असे कलम १३९ सांगत होते. कलम २११ हत्येचे होते. म्युन्स्टरजवळच्या मारिएन्टाल रुग्णालयातील रुग्णांना ‘अनुत्पादक’ म्हणून आइखबर्गला हलवून मारले जाणार असल्याचे कळताच आपण २८ जुलै रोजी सरकारी वकील आणि पोलीस प्रमुख यांच्याकडे या कलमांखाली तक्रार नोंदवली, हे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. अधिकाऱ्यांनी काहीही केल्याचे त्यांना कळले नव्हते. पहिली तुकडी रवाना झाली होती, आणि वारश्टाइनच्या रुग्णालयातून ८०० रुग्ण नेल्याचे त्यांच्या कानावर आले होते.

मग त्यांनी एका माणसाची हकीकत सांगितली. म्युन्स्टर प्रदेशातील एका खेड्यातला ५५ वर्षांचा शेतकरी, काही वर्षांपासून मानसिक त्रासामुळे मारिएन्टालमध्ये ठेवलेला, पण माणसे ओळखणारा आणि घरचे भेटीला आले की आनंदणारा. आघाडीवरून रजेवर आलेला त्याचा सैनिक मुलगा आईबरोबर त्याला भेटून गेला होता, आणि निरोप घेताना मुलाला जड गेले, कारण आपण परत येऊ की नाही हे त्याला माहीत नव्हते. मुलगा परतला तरी बाप आता भेटणार नाही, कारण बापाचे नाव यादीत गेले आहे, असे बिशपांनी श्रोत्यांना सांगितले. एक नातेवाईक भेटायला गेला तेव्हा, संरक्षणविषयक मंत्रिपरिषदेच्या आदेशाने रुग्णाला हलवले असल्याचे उत्तर त्याला मिळाले होते.

प्रवचनाची सारी ताकद या हकीकतीत आणि तिच्यापाठोपाठ आलेल्या युक्तिवादात आहे. निकामी यंत्र मोडीत काढतात, लंगडा घोडा वा आटलेली गाय मारून टाकतात. पण येथे प्रश्न यंत्राचा किंवा जनावराचा नाही, आपल्या भावाबहिणींचा आहे, आणि माणूस उत्पादक असेपर्यंतच त्याला जगण्याचा हक्क आहे असे एकदा ठरले की तो नियम रुग्णालयाच्या कुंपणाआड थांबणार नाही, असे गालेन यांचे म्हणणे होते. उद्या तो वृद्धांना लागू होईल, काम करताना अपंग झालेल्यांना लागू होईल, आणि युद्धात जायबंदी होऊन परतणाऱ्या सैनिकांनाही लागू होईल. डॉक्टरवर मग कोण विश्वास ठेवील, असाही प्रश्न त्यांनी विचारला. युद्धाच्या ऐन धामधुमीत, ज्यांची मुले रशियाच्या आघाडीवर होती अशा आईबापांसमोर हे बोलले गेले, म्हणजे ते मनाला किती भिडले असेल याची कल्पना येते. धर्मसिद्धान्त, दंडसंहिता आणि एका घराचे दुःख या तिन्ही गोष्टी येथे एका ओळीत उभ्या राहिल्या, आणि ऐकणाऱ्याला त्यांपैकी एकीलाही ‘हे माझ्याशी संबंधित नाही’ असे म्हणून टाळता येईना.

प्रवचनाच्या प्रती टंकलिखित होऊन, हाताने उतरवल्या जाऊन देशभर फिरल्या. आघाडीवरच्या सैनिकांपर्यंत पोहोचल्या. ब्रिटिश विमानांनी त्यांची पत्रके करून टाकली. बिशपला फाशी द्यावी अशी सूचना प्रचारखात्यातून पुढे आली, पण तसे केल्यास म्युन्स्टर आणि सारा वेस्टफालिया युद्धासाठी गमवावा लागेल, अशी भीती प्रचारमंत्री गोबेल्सला वाटली आणि हिशेब विजयानंतर चुकता करायचा असे ठरले. गालेन त्यामुळे वाचले. त्यांची प्रवचने वाटणाऱ्यांना मात्र तसे संरक्षण नव्हते: ल्युबेक शहरातील योहानेस प्रासेक, एडुआर्ड म्युलर व हेरमान लांगे हे तीन तरुण कॅथलिक धर्मगुरू आणि ल्युथरन पाद्री कार्ल फ्रीडरिश श्टेलब्रिंक यांचा १० नोव्हेंबर १९४३ रोजी हाम्बुर्गमध्ये शिरच्छेद केला गेला, आणि ही प्रवचने प्रसृत करणे हे त्यांच्यावरील रोषाचे एक प्रमुख कारण होते.

२४ ऑगस्ट १९४१ रोजी हिटलरने वायूकेंद्रांतील हत्या थांबवण्याचा तोंडी आदेश दिला. तोवर त्या मोहिमेच्या स्वतःच्याच नोंदीप्रमाणे ७०,२७३ माणसे मारली गेली होती. प्रवचनामुळेच ती थांबली काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ठरवलेली संख्या जवळजवळ गाठली गेली होती आणि लोकांत कुजबुज आधीपासून होती, हे मुद्देही मांडले जातात. निर्विवाद आहे ते एवढेच की उघड झालेले गुपित चालू ठेवणे सत्तेला परवडेनासे झाले. पण हत्या संपल्या नाहीत. अपंग बालकांना मारण्याची योजना कधीच थांबली नव्हती, मोठ्यांना आता उपासमारीने आणि औषधांच्या मात्रांनी रुग्णालयातल्या रुग्णालयात मारले जाऊ लागले, आणि टी-४ मधील अनुभवी कर्मचारी पोलंडमध्ये बेल्झेक, सोबिबोर व ट्रेब्लिंका येथील मृत्युछावण्यांत ज्यूंच्या संहारासाठी वापरले गेले.

येथेच गालेन यांच्या प्रवचनाची मर्यादा समोर येते. ज्यांच्याविषयी ते बोलले ते त्यांचे स्वतःचे लोक होते, त्यांच्या धर्मप्रांतातील कुटुंबांतले. ज्यूंवरील अत्याचारांविरुद्ध त्यांनी अशा रोखठोकपणे कधी आवाज उठवला नाही. ज्या तत्त्वाचा आधार त्यांनी घेतला ते तत्त्व अशी मर्यादा मानत नाही, आणि म्हणूनच ही उणीव गंभीर आहे. त्यांच्या धैर्याचा गौरव करणाऱ्या लेखनात ती झाकली जाऊ नये.

ती सीमा ओलांडणारा आवाज बर्लिनमध्ये होता. सेंट हेडविग कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू बर्नहार्ड लिश्टेनबेर्ग यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळली गेली त्यानंतर सायंकालीन प्रार्थनेत, ज्यूंसाठी आणि छळछावण्यांतील कैद्यांसाठी रोज जाहीरपणे प्रार्थना करण्यास सुरुवात केली. हे किती वेगळे होते ते समजण्यासाठी गुड फ्रायडेच्या त्या काळातील विनंत्यांकडे पाहावे लागते. त्यांत ज्यूंसाठीही प्रार्थना होती, पण ती त्यांच्या धर्मांतराची होती आणि तिच्यात त्यांना हिणवणारे एक विशेषण होते, जे पोप तेविसावे जॉन यांनी पुढे १९५९ साली काढून टाकले. लिश्टेनबेर्ग मात्र ज्यूंसाठी छळ सोसणारी माणसे म्हणून प्रार्थना करत होते. देवापुढे एखाद्याचे नाव घेणे म्हणजे तो आपला आहे असे मंडळीसमोर मान्य करणे होय, आणि ज्या राज्यात ज्यूला शेजारी म्हणणेच देशद्रोह ठरू लागले होते तेथे ही कृती कोणत्याही निषेधसभेइतकीच धोक्याची होती.

ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस, गालेन यांचे प्रवचन वाचल्यावर, लिश्टेनबेर्ग यांनी आरोग्यखात्याचा प्रमुख डॉ. लेओनार्डो कोन्टी याला पत्र लिहून रुग्णांच्या हत्यांचा जाब विचारला. त्याच सुमारास त्यांची ज्यूंसाठीची प्रार्थना चर्चमध्ये आलेल्या दोन तरुणींच्या कानी पडली आणि त्यांनी ती पोलिसांना कळवली. २३ ऑक्टोबर १९४१ रोजी लिश्टेनबेर्ग यांना अटक झाली. घराच्या झडतीत, ज्यूंविरुद्धच्या सरकारी पत्रकाला उत्तर देणारा आणि प्रवचनपीठावरून वाचण्यासाठी तयार केलेला मसुदा सापडला. हद्दपार होणाऱ्या ज्यूंबरोबर आपल्यालाही पोलंडमधील वुज शहरातील ज्यूंच्या वस्तीत पाठवावे, अशी इच्छा त्यांनी चौकशीत व्यक्त केली. विशेष न्यायालयाने मे १९४२ मध्ये दोन वर्षांची शिक्षा दिली; ती संपल्यावर गुप्त पोलिसांनी त्यांना पुन्हा ताब्यात घेतले आणि डाखाउच्या छावणीकडे नेत असताना ५ नोव्हेंबर १९४३ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, हॉफ येथे त्यांचा मृत्यू झाला. चर्चने १९९६ साली त्यांना आणि २००५ साली गालेन यांना ‘धन्य’ घोषित केले, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. इस्राएलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेनेही लिश्टेनबेर्ग यांचा, ज्यूंच्या मदतीला धावून गेलेल्यांच्या यादीत समावेश केला.

सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन बिशपांनी दहा आज्ञांवरील संयुक्त पत्र चर्चमधून वाचून दाखवले. त्यात मनोरुग्ण, असाध्य आजारी, ओलीस, निःशस्त्र युद्धकैदी आणि परक्या वंशाची माणसे यांच्या हत्येचा निषेध होता. यादी आता तत्त्वाइतकी रुंद झाली होती, परंतु ज्यू हा शब्द तीत नव्हता आणि जर्मनीतील बहुतेक ज्यू तोवर हद्दपार झाले होते.

युद्धोत्तर कॅथलिक विचारावर या अनुभवाचा ठसा आहे. उपासनेची रचनाही पुढे बदलली: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजातून लोकभाषांना वाट करून दिली आणि श्रद्धावंतांच्या विनंत्या मिस्सेत पुन्हा आणल्या. नाझी अमलाखालच्या क्राकुफमध्ये तारुण्य घालवलेल्या पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ रोजी, मरियेला येशूच्या जन्माचा संदेश मिळाल्याच्या सणादिवशी, मानवी जीवनाच्या मूल्याविषयी विस्तृत परिपत्रक प्रसिद्ध केले, आणि त्याचा शेवट मरियेला उद्देशून केलेल्या प्रार्थनेने केला. जन्म नाकारलेली बालके, गरीब, हिंसेचे बळी, आणि उपेक्षेने किंवा चुकीच्या दयेने मारले जाणारे वृद्ध व आजारी यांना त्या प्रार्थनेत एकाच दमात आठवले आहे. गर्भपाताविरुद्धच्या कॅथलिक भूमिकेवर पुष्कळ वाद होतात, पण ती भूमिका या अखंड साखळीचा भाग म्हणून मांडली जाते हे लक्षात घेतल्याशिवाय तिच्याशी नीट मतभेदही नोंदवता येत नाही. मृत्यू लांबवण्यासाठी अवाजवी उपचार करत राहणे मात्र ही शिकवण बंधनकारक मानत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढील भाषणात हा फरक स्पष्ट केला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंडही अस्वीकार्य ठरवला, त्यामुळे निरपराधापुरती असलेली रेघ अपराध्यापर्यंत सरकली.

आजच्या मिस्सेत विनंत्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि जगासाठी, मग संकटात असलेल्यांसाठी, शेवटी स्थानिक मंडळीसाठी. शब्द मात्र बहुतांशी मोकळे सोडलेले असतात. वसईतील एखाद्या धर्मग्रामात त्या आठवड्याच्या विनंत्या कोणी धर्मगुरू लिहितो, कोठे संन्यासिनी, कोठे तरुणांचा गट. संकटात असलेल्यांसाठीच्या विनंतीत ‘सर्व दुःखितांसाठी’ एवढेच लिहायचे, की ज्यांच्याविषयी बोलणे गैरसोयीचे आहे अशा माणसांचा स्पष्ट उल्लेख करायचा, हा निर्णय प्रत्येक रविवारी त्यांच्याच हातात असतो.